उतरलेले वजन आणि उतरणारी साखर

सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांत गेल्या काही वर्षांपासून वजन उतरविण्याचा उद्योग घरोघर सुरू झालेला दिसतो, आणि तो बव्हंशी स्तुत्यच आहे. डॉ. श्रीकांत जिचकार यांनी पुरस्कारिलेली व डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी व्याख्यानांतून महाराष्ट्रभर पसरविलेली दिवसातून दोनच वेळा जेवण्याची शिस्त कोणी पाळतो, कोणी साताऱ्याच्या डोंगरी मॅरेथॉनचे निमित्त करून पहाटे यवतेश्वरचा घाट धावत चढू लागतो, कोणी पुण्या-मुंबईस जाऊन जठराची शस्त्रक्रिया करवून घेतो, आणि २०२५ साली टिर्झेपाटाइड व वजनासाठीचे सेमाग्लुटाइड ही आठवड्यातून एकदा टोचून घ्यावयाची औषधे भारतीय बाजारात आल्यापासून काही जण त्याही मार्गाला लागले आहेत. पंधरा, वीस, क्वचित तीस किलो वजन उतरते, आप्तेष्ट कौतुक करतात, आणि नंतर, प्रकृतीने उभारी धरावी अशी अपेक्षा असते नेमक्या त्याच सुमारास, सकाळी अकराच्या आसपास हात कापू लागतात, दरदरून घाम सुटतो, छातीत धडधडते, डोळ्यांपुढे अंधारी येते, दिवसभर हातपाय गळून गेल्यासारखे वाटते, आणि घरातील कोणीतरी मोठ्या अधिकारवाणीने निदान सांगून मोकळे होते : "शुगर लो झाली."

हे निदान कधी खरे असते, कधी अर्धे खरे, कधी साफ चुकीचे. वाचकांकडून या बाबतीत वारंवार होणाऱ्या विचारणेत गोंधळ दिसतो तो याच ठिकाणी : साखर उतरणे आणि थकवा येणे या दोन भिन्न तक्रारी एकाच नावाखाली जमा केल्या जातात, आणि मग एकीचे औषध दुसरीला दिले जाते. केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी २०११ साली वजनासाठी शस्त्रक्रिया करवून घेतली होती हे सर्वश्रुत आहे. डिसेंबर २०१८ मध्ये राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात त्यांना व्यासपीठावरच भोवळ आली आणि साखर उतरल्यामुळे तसे झाल्याचे त्यांनी स्वतःच जाहीर केले. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध होता किंवा नव्हता हे ठरविण्याचे साधन तुमच्या-माझ्यापाशी नाही, आणि येथे लक्षात घ्यावयाचे तेही एवढेच, की वजन उतरले व पुढे केव्हातरी साखर उतरली, यावरून पहिल्यामुळे दुसरे झाले असा निकाल देता येत नाही. मधल्या काळात कोणती गोळी चालू होती, जेवून किती वेळ झाला होता, रक्त कोणी, कसे व केव्हा तपासले, ही चौकशी आधी झाली पाहिजे.

झटका आला त्या क्षणी

चौकशी नंतर, प्रथम माणूस सावरला पाहिजे.

- ग्लुकोमीटर हाताशी असेल तर हात साबणाने धुऊन, कोरडे करून, आधी मोजा आणि मग साखर घ्या. यंत्र शोधण्यात वेळ जाणार असेल तर मोजणी सोडून द्या.
- आकडा ७० च्या खाली असेल, किंवा मोजता येत नसून लक्षणे स्पष्ट असतील, तर १५ ग्रॅम साखर किंवा ग्लुकोजची पूड, म्हणजे चहाचे तीन सपाट चमचे, अर्धा पेला पाण्यात विरघळवून प्या.
- १५ मिनिटे थांबा व पुन्हा मोजा. आकडा वर आला नसेल तर तेवढेच प्रमाण पुन्हा घ्या.
- सावरल्यानंतर भाकरी-आमटी, दूध, उकडलेले अंडे असे काहीतरी खा. नुसत्या साखरेवर थांबल्यास ती पुन्हा उतरते.
- माणूस बेशुद्ध असेल किंवा गिळता येत नसेल तर तोंडात साखर, पाणी, मध काहीही घालू नका. त्याला कुशीवर वळवा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

आमच्या भागात अशा वेळी हाताला जे लागते ते दिले जाते, आणि ते बहुधा साताऱ्याचा कंदी पेढा किंवा गूळ-शेंगदाणे असते. दोन्ही पदार्थांविषयी माझ्या मनात आदरच आहे. परंतु पेढ्यातील आणि शेंगदाण्यातील स्निग्धांश पोटातून पुढे सरकण्यास वेळ लावतो, म्हणून आणीबाणीत ते निरुपयोगी ठरतात. ते नंतरच्या खाण्यासाठी ठेवावेत.

आणखी एक बाब फारशी कोणास ठाऊक नसते. मधुमेहाच्या गोळीत अकार्बोज किंवा व्होग्लिबोज हे औषध मिसळलेले असेल, तर साधी साखर, गूळ किंवा उसाचा रस यांचे आतड्यात ग्लुकोजमध्ये रूपांतर होण्याची क्रियाच ते औषध मंदावते. अशा व्यक्तींनी औषधाच्या दुकानातील ग्लुकोजची पूडच जवळ बाळगली पाहिजे. तसेच ग्लिमेपिराइड अथवा ग्लिबेनक्लामाइड या गोळीमुळे साखर उतरली असेल, तर ती वर आल्यावरही गोळीचा अंमल पुष्कळ तास टिकून राहतो आणि रात्री पुन्हा उतार पडू शकतो; म्हणून बरे वाटले तरी त्या दिवशी रुग्णालय गाठावे आणि डॉक्टर सांगतील तितका वेळ देखरेखीखाली राहावे.

साखर खरोखर उतरली होती काय?

ॲलन व्हिपल या अमेरिकन शल्यविशारदाने १९३० च्या दशकात घालून दिलेली त्रिसूत्री अद्यापही प्रमाण मानली जाते : लक्षणे असली पाहिजेत, त्याच वेळी रक्तातील साखर कमी आढळली पाहिजे, आणि साखर वाढताच लक्षणे निवळली पाहिजेत. तिन्ही गोष्टी जुळल्या तरच पुढचा तपास अर्थपूर्ण होतो. मधुमेह नसलेल्या माणसाच्या बाबतीत शिरेतून घेतलेल्या रक्ताचा आकडा एका डेसिलिटरला ५५ मिलिग्रॅमच्या खाली असावा लागतो. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यास ७० ला सावध व्हावे लागते आणि ५४ च्या खालचा आकडा गंभीर समजावा लागतो.

हे आकडे वाचतानाच काही चकवे ध्यानात ठेवा.

*घरचे यंत्र.* आंतरराष्ट्रीय मानकानुसार १०० च्या खालच्या आकड्यांत १५ मिलिग्रॅमपर्यंतची तफावत ग्राह्य धरली जाते. म्हणजे यंत्रावर ६२ दिसले तर खरा आकडा ७७ ही असू शकतो आणि ४७ ही. मधुमेह नसलेल्याने केवळ या यंत्राच्या भरवशावर स्वतःस रोगी ठरवू नये. दंडावर चिकटविण्याचा सेन्सरही रात्री त्याच कुशीवर झोपल्यास खोटा उतार दाखवितो.

*प्रवासात खाली आलेले रक्त.* जत, आटपाडी, दहिवडी किंवा पाटणच्या संकलन केंद्रावर घेतलेली नळी सांगली-साताऱ्याच्या प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत काही तास जातात, आणि त्या अवधीत नळीतील रक्तपेशी आपले खाद्य म्हणून त्यातील ग्लुकोज खातच राहतात. दर तासाला सुमारे पाच ते सात टक्के साखर अशी घटते. फ्लोराइड घातलेली राखाडी झाकणाची नळी हा ऱ्हास पुष्कळसा रोखते, परंतु तिचाही परिणाम पहिला तास-दीड तास पुरता होत नाही. रक्त देतेवेळी तुम्ही स्वस्थ बसून वर्तमानपत्र वाचीत होता आणि अहवालात ४८ हा आकडा आला, तर घाबरून न जाता प्रयोगशाळा जेथे आहे तेथेच जाऊन पुन्हा रक्त द्या.

*सवयीची उंची.* ज्यांची साखर वर्षानुवर्षे २५०-३०० होती त्यांना ती ११० वर आली तरी हात कापल्यासारखे होते, कारण शरीराने जुन्या पातळीलाच स्वाभाविक मानलेले असते. हा त्रास खरा असतो, पण अपायकारक नसतो, आणि काही आठवड्यांत मावळतो. दर वेळी साखर खाऊन त्याचे समाधान केल्यास वजनही परत येते आणि मधुमेहही.

*चुकीची तपासणी.* तीन महिन्यांची सरासरी दाखविणारी एचबीए१सी तपासणी साखरेचे उतार दाखवीत नाही. रक्तक्षय असल्यास तिचा आकडाही फसवा येतो. ग्लुकोज पाजून चार-पाच तास रक्त तपासण्याची जुनी पद्धतही येथे नको, कारण तीत पुष्कळ निरोगी माणसांची साखरसुद्धा खाली जाते. जेवणानंतर त्रास होत असेल तर प्रत्यक्ष मिश्र आहार देऊन केलेली तपासणी मागावी.

या सर्व संशयांवर उतारा म्हणून एक साधी वही घाला. घटनेची तारीख व वेळ, शेवटचे खाणे कोणते आणि त्यास किती वेळ झाला, त्या दिवशीची औषधे व श्रम, लक्षणे, मोजलेला आकडा, आणि साखर घेतल्यावर किती मिनिटांत बरे वाटले, एवढ्या बाबी तीत नोंदवा. दोन आठवड्यांची अशी कैफियत डॉक्टरांपुढे ठेवली तर हजारो रुपयांच्या तपासण्यांची गरज पुष्कळदा उरत नाही. कारण उपाशीपोटी साखर उतरणे आणि जेवणानंतर उतरणे हे दोन वेगळ्या वाटांचे प्रवासी आहेत व त्यांची कारणेही वेगळी असतात.

जुनी गोळी आणि नवे शरीर

माझ्या मते या दोन जिल्ह्यांत पहिला संशय येथेच घ्यावयास हवा. वजन उतरले की इन्शुलिन अधिक चांगले काम करू लागते, यकृतातील चरबी घटते, आणि त्यामुळे वीस किलो अधिक वजनाच्या देहासाठी ठरविलेली मात्रा नव्या देहास भारी पडते. सदरा सैल झाला की आपण तो शिंप्याकडे नेतो. गोळी मात्र जुन्याच मापाची चालू ठेवतो, कारण औषधाची चिठ्ठी दोन वर्षांपूर्वीची असते आणि दुकानदार ती पाहून निमूटपणे पाकीट काढून देतो.

पाकिटावर कंपनीने दिलेले नाव मोठ्या अक्षरांत असते, औषधाचे मूळ नाव खाली बारीक अक्षरांत. ते बारीक नाव वाचा आणि पुढीलप्रमाणे विचार करा.

- ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड, ग्लिपिझाइड : या गोळ्या खाणे असो वा नसो, स्वादुपिंडास इन्शुलिन सोडावयास लावतात. साखर उतरविण्याचा धोका यांचा सर्वाधिक. मूत्रपिंड अशक्त असेल तर तो आणखी वाढतो. मेटफॉर्मिनशी जोडलेल्या एकाच गोळीत यांपैकी एखादे औषध दडलेले असू शकते, हे ध्यानात ठेवा.
- इन्शुलिन : मात्रा उतरवावी लागेल, पण स्वतःच्या मनाने बंद करू नका. लहानपणापासून इन्शुलिनवर असलेल्या रुग्णाने ते थांबविणे प्राणावर बेतू शकते.
- मेटफॉर्मिन, सिटाग्लिप्टिन यांसारखी औषधे : एकटी घेतल्यास सहसा साखर फार उतरवीत नाहीत. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांत बी-१२ जीवनसत्त्व मात्र घटू शकते, आणि थकव्याचे मूळ तेथे असू शकते.
- डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन : यांच्यासह कडक उपास किंवा अतिशय अल्प पिष्टाहार चालू असेल तर साखरेचा आकडा फारसा न वाढताही रक्तात आम्लता साचते. मळमळ, उलटी, धाप आणि विलक्षण थकवा अशी लक्षणे दिसताच रुग्णालयात जा. "साखर तर ठीक आहे" हे उत्तर येथे पुरेसे नाही.
- सेमाग्लुटाइड, टिर्झेपाटाइड : एकट्या या औषधांनी साखर धोकादायकरीत्या उतरणे विरळा, परंतु वरच्या पहिल्या दोन गटांपैकी काही सोबत चालू असेल तर धोका वाढतो आणि जुन्या औषधाची मात्रा कमी करावी लागते.
- रक्तदाबाच्या गोळ्या : वजनाबरोबर रक्तदाबही उतरतो. उभे राहताच भोवळ येत असेल तर साखर मोजण्याइतकेच, उभ्याने रक्तदाब मोजणे अगत्याचे आहे. प्रोप्रॅनोलॉल, अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल ही औषधे तर साखर उतरल्याची धडधड व कंप झाकून टाकतात. घाम तेवढा सुटतो.

एकादशी, नवरात्र, चातुर्मासातील नेम, किंवा लोणंद, तरडगाव, फलटण, बरड या मुक्कामांनी सातारा जिल्हा ओलांडणाऱ्या माउलींच्या पालखीबरोबर चालण्याचा संकल्प असेल, तर उपासाच्या व चालण्याच्या दिवसांत कोणती गोळी वगळावयाची याची लेखी तजवीज डॉक्टरांकडून आगाऊ करून घ्या. उपास मोडावा की काय असा प्रश्न आला तर तो ७० या आकड्यावर मोडावा.

आणि "मुळापासून मधुमेह" घालविणाऱ्या पुड्यांविषयी दोन शब्द. वनौषधी म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा चूर्णांत साखर उतरविणारी रासायनिक औषधे किंवा स्टेरॉइड मिसळल्याचे निरनिराळ्या देशांतील तपासण्यांत आढळले आहे. तुम्ही अशी पुडी घेत असाल तर ती संकोच न करता डॉक्टरांपुढे ठेवा. स्टेरॉइड असलेली पुडी एकाएकी बंद केल्यानेही साखर व रक्तदाब दोन्ही कोसळू शकतात.

जठराची शस्त्रक्रिया झालेल्यांसाठी

जेवल्यापासून तासाभराच्या आत पोटात मुरडा, धडधड, जुलाब आणि आडवे पडावेसे वाटणे हा साखरेचा उतार नव्हे. अन्न एकदम आतड्यात उतरल्याने शरीरातील पाणी तिकडे धावते, त्याचा तो परिणाम होय. हा प्रकार शस्त्रक्रियेनंतर लवकर दिसतो. जेवल्यानंतर एक ते तीन तासांनी हात कापणे, घाम, गोंधळल्यासारखे होणे हा मात्र खरा उतार असू शकतो. गोड वा पिष्टमय अन्न वेगाने शोषले गेल्याने इन्शुलिनचा पूर येतो आणि साखर गरजेपेक्षा खाली ओढली जाते. हा प्रकार बहुधा शस्त्रक्रियेस वर्ष उलटून गेल्यावर सुरू होतो, म्हणून रुग्णास व कधी कधी डॉक्टरांसही त्याचा पूर्वसंबंध सुचत नाही. जठर आतड्यास वळवून जोडण्याच्या शस्त्रक्रियेत तो अधिक, जठराची नळी करण्याच्या शस्त्रक्रियेत त्या मानाने कमी.

औषधांआधी ताट बदलून पाहावे :

- जेवण थोडे थोडे, पाच-सहा वेळा. ताटात प्रथम डाळ, उसळ, अंडे, मासे, कोंबडी किंवा पनीर. भाकरी त्यानंतर, आणि भात सर्वांत शेवटी व थोडा.
- एका वेळच्या पिष्टाचे प्रमाण ३० ग्रॅमच्या आसपास. एक लहान ज्वारीची भाकरी झाली की ते बहुतेक भरते.
- जेवताना पाणी नको. आधी व नंतर अर्धा तास सोडून प्या.
- उसाचा रस, सरबत, साखरेचा चहा, फळांचा रस वर्ज्य. द्रवरूप गोड सर्वांत वेगाने उतरते आणि सर्वांत खोल पाडते.

एवढ्याने भागले नाही तर अकार्बोजसारखे औषध तज्ज्ञ देतात. उतार पडल्यावर प्रत्येक वेळी पेलाभर रस पिणाऱ्यास दोन तासांनी पुन्हा उतार पडतो व हे चक्र दिवसभर चालते. म्हणून आणीबाणीत मोजून १५ ग्रॅमच घ्यावे.

शस्त्रक्रियेनंतर सतत उलट्या होत असतील तर बी-१ जीवनसत्त्व संपुष्टात येते. अशा रुग्णास ते आधी न देता नुसते ग्लुकोजचे सलाईन लावल्यास मेंदूस इजा होण्याचा संभव असतो. सलाईन लावणाऱ्या डॉक्टरांना शस्त्रक्रियेची कल्पना देणे हे तुमचेच काम आहे.

मधुमेह नाही, शस्त्रक्रिया नाही, तरीही

येथे पहिला प्रश्न असा, की वजन तुम्ही उतरविले की ते आपोआप उतरले? सहा ते बारा महिन्यांत पाच टक्क्यांहून अधिक वजन प्रयत्नावाचून गेले असेल तर ते अभिनंदनाचे नव्हे, तपासाचे कारण आहे. क्षयरोग, थायरॉइडचा अतिरेक, कर्करोग, आणि खुद्द नव्याने उद्भवलेला मधुमेह यांची चौकशी प्रथम व्हावी.

वजन घटणे, थकवा, कमी रक्तदाब, खारट खाण्याची ओढ आणि त्वचा, हिरड्या वा तळहातावरील रेषा काळवंडणे ही लक्षणे एकत्र आली तर मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी निकामी होत असल्याचा संशय घ्यावा. आपल्या देशात क्षयरोग हे त्याचे एक महत्त्वाचे कारण आहे. सकाळी आठच्या सुमारास कॉर्टिसॉलची तपासणी करण्यास फार खर्च येत नाही, आणि निदान वेळेवर झाले तर माणूस अक्षरशः उभा राहतो.

रिकाम्या पोटी केलेले मद्यपान, यकृताचा वा मूत्रपिंडाचा जुना विकार ही कारणेही तपासावीत. मुंग्या येतात म्हणून दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांत अल्फा लिपॉइक आम्ल असते. क्वचित प्रसंगी त्यामुळे इन्शुलिनविरोधी प्रतिपिंडे तयार होऊन साखर उतरते. १९७० साली जपानमध्ये हिराता यांनी या विकाराचे प्रथम वर्णन केले. स्वादुपिंडातील इन्शुलिन स्रवणारी गाठ तर फारच विरळा, आणि तीत वजन घटण्यापेक्षा वाढण्याकडेच कल असतो. तिच्या भीतीने रात्रीची झोप घालवू नये.

त्रिसूत्री सिद्ध झाली असेल तर साखर उतरलेली असतानाच घेतलेल्या रक्तात ग्लुकोज, इन्शुलिन, सी-पेप्टाइड व बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट या तपासण्या एकत्र व्हाव्या लागतात. नंतर, साखर सुधारल्यावर केलेल्या याच तपासण्यांस काही अर्थ उरत नाही. त्यासाठी ७२ तासांपर्यंतचा उपास रुग्णालयात देखरेखीखाली करवितात. घरी असा प्रयोग कदापि करू नये.

साखर ठीक, तरी अंगात त्राण नाही

वहीतील आकडे सत्तरच्या वर आणि थकवा मात्र कायम असेल, तर साखरेचा नाद सोडावा. तपासावयाचे ते असे : हिमोग्लोबिन व फेरिटिन, बी-१२, ड जीवनसत्त्व, टीएसएच, क्रिएटिनिन, सोडियम व पोटॅशियम. आहार एकदम घटविला की वजनातील बराच भाग स्नायूंचा जातो, थायरॉइडची क्रिया मंदावते, थंडी वाजते, दोन-तीन महिन्यांनी केस गळू लागतात, स्त्रियांची पाळी लांबते. हा शरीराचा काटकसरीचा कारभार आहे. खर्च वाढविण्यापूर्वी त्यास उत्पन्न द्यावे लागते. आठवड्यास अर्धा ते एक किलो हा वेग पुरे. दोन वेळच जेवणाऱ्यांनी त्या दोन्ही ताटांत डाळ, मटकी, दही, अंडी यांचा भरणा करावा आणि मीठ अगदी सोडू नये.

गळल्यासारखे वाटले की "एक ताकदीचे सलाईन लावा" असा आग्रह डॉक्टरांस धरण्याची आपली रीत आहे. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज असते, म्हणजे शंभराहूनही कमी कॅलरी. एका ज्वारीच्या भाकरीइतकीही ताकद तीत नाही. तिच्यासाठी शेकडो रुपये मोजून निदान मात्र महिनाभर लांबते.

कोणाकडे जावे, काय न्यावे

प्रथम तुमचे नेहमीचे डॉक्टर, नंतर एम.डी. मेडिसिन झालेले फिजिशियन, आणि त्रिसूत्री सिद्ध झाल्यावर अंतःस्रावी ग्रंथींचे तज्ज्ञ, हा क्रम बहुतेकांस सोयीचा पडतो. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, कराडास कृष्णा रुग्णालय, सांगलीत पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, मिरजेत १९६२ पासूनचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही मोठी ठिकाणे आहेत. १८९४ साली डॉ. वॉनलेस यांनी मिरजेस रुग्णालय काढल्यापासून त्या गावास वैद्यकीची परंपरा आहे आणि खासगी तज्ज्ञही तेथे दाटीने आढळतात.

सोबत न्यावे :

- वर सांगितलेली वही आणि ग्लुकोमीटर;
- सर्व औषधांची पाकिटे, पुड्या व चूर्णांसह;
- वजन केव्हा किती होते त्याची टिपणे;
- शस्त्रक्रिया झाली असल्यास तिचा कागद;
- झटका प्रत्यक्ष पाहिलेली घरची एखादी व्यक्ती, कारण त्या वेळचे रुग्णास नीट आठवत नाही.

कारण सापडेपर्यंत एकट्याने मोटार, ट्रॅक्टर किंवा उसाची ट्रॉली हाकू नका. विहिरीवर अथवा घाटात एकटे जाऊ नका.

तुमचे हक्क

- राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेनुसार दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्याचा, तसेच औषधे व तपासण्या तुमच्या पसंतीच्या ठिकाणी करून घेण्याचा हक्क तुम्हास आहे. ठरावीक प्रयोगशाळेचीच सक्ती मान्य करू नका.
- महाराष्ट्रातील शुश्रूषागृहांच्या नोंदणीच्या २०२१ मधील सुधारित नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी जागी लावणे खासगी रुग्णालयांस बंधनकारक आहे.
- राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. वैद्यकीय शिक्षण विभागाच्या रुग्णालयांस ती सवलत तशीच लागू नसते. खिडकीवर खातरजमा करा.
- दाखल होण्याची वेळ आली तर शिधापत्रिका जवळ ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणता उपचार बसतो याचा खुलासा रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून आधीच करून घ्या, कारण केवळ तपासण्यांसाठी ती सहसा उपयोगी पडत नाही.
- धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो.
- २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे कागदपत्रांची मागणी केल्यापासून ७२ तासांत ती देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. झटक्याच्या वेळी रुग्णालयात तपासलेल्या रक्ताचा अहवाल हा पुढच्या साऱ्या तपासाचा आधार असतो, म्हणून तोंडी आश्वासनावर न विसंबता लेखी अर्ज द्या, त्याच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या, आणि मूळ अहवाल स्वतःपाशी ठेवून पुढील डॉक्टरांस नक्कल द्या.